एक डबा, पाच टीव्ही

यादवराव कापडणीस अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढण्याचा त्यांना पगार मिळत असे. बावीस वर्षं हे काम केल्यावर माणसाची नजर बिघडते. घरी आल्यावरही ते पोळी तोंडात घालण्याआधी उजेडात धरून बघत. गवंडी, सुतार, इस्त्रीवाला, डॉक्टर, पंचांगकर्ते यांपैकी कोणालाच आपापलं काम येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतः यादवरावांनी आयुष्यात कधी काही बनवलेलं नसल्यामुळे त्यांच्या कामात खोट निघण्याचा प्रसंग आला नव्हता. तो आला दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या आई, कुसाबाई, गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला सटाण्याकडच्या गावाहून नाशिकला आल्या आणि पुढं विश्रांतीसाठी गंगापूर रोडवरच्या या फ्लॅटमध्येच राहिल्या. त्यांना मागची खोली दिली होती. पण मागच्या खोलीत भिंतीशी किती वेळ बोलणार? त्या काठी टेकत हॉलमध्ये येत, दिवाणावर पाय लांब करत आणि टीव्ही लावत. दुपारी मालिका, संध्याकाळी कीर्तन, त्यानंतर पुन्हा मालिका. यादवराव कामावरून येत तेव्हा क्रिकेट चालू असे, पण ते जगात कुठंतरी. त्यांच्या हॉलमध्ये कोणाचं ना कोणाचं लग्न मोडत असायचं.

आईला 'उठ' म्हणण्याची हिंमत यादवरावांत नव्हती. म्हणून त्यांनी योजना आखली.

"छत्री बसवायची," त्यांनी बायकोला, तृप्तीला, सांगितलं. "गच्चीवर डिश अँटेना. केबलवाल्याची कटकट बंद. आणि तिथून वायर थेट तिन्ही खोल्यांत. माळ्यावरचा जुना टीव्ही आईच्या खोलीत, बेडरूममध्ये एक छोटा नवा. ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत हवं ते बघावं. मी हे आईसाठी करतोय."

"आईंसाठी की आईंपासून?" तृप्तीनं विचारलं आणि ती कणीक मळत राहिली.

यादवरावांनी हा प्रश्न रिजेक्ट केला.

पहिला अडथळा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी चिमाजी नाठे. हे गृहस्थ कुठल्याशा सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण ते फक्त खात्याच्या मते. त्यांनी गच्चीवर छत्री बसवण्यासाठी अर्ज, तीन प्रतींत नकाशा आणि छत्री नसलेल्या गच्चीचा एक फोटो मागितला. हे सगळं दिल्यावर त्यांनी चष्म्यावरून नकाशा पाहिला.

"छत्रीचं तोंड कुठं आहे?"

"आग्नेयेला."

"इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. छत्रीचंही पश्चिमेलाच पाहिजे. एकसारखेपणा राहतो."

"अहो, पण उपग्रह आग्नेयेला आहे!"

"तो आपल्या सोसायटीचा सभासद आहे का?" नाठ्यांनी विचारलं.

कमिटीच्या तीन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत छत्रीऐवजी पाण्याच्या टाकीच्या झाकणावर चर्चा होऊन ती तहकूब झाली. तिसरीत तडजोड निघाली. छत्रीनं वाटेल तिकडं पाहावं, मात्र वायर इमारतीच्या दर्शनी बाजूनं दिसता कामा नये. ती मागच्या डक्टमधून, सांडपाण्याच्या पाइपाशेजारून खाली यावी. मागच्या डक्टकडं कापडणीसांच्या फ्लॅटची एकच खिडकी होती. कुसाबाईंच्या खोलीची.

छत्री बसवायला शालिमारजवळचे खाजाभाई आले. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी छत्री लावली, सिग्नल जुळवला, वायर खाली आणली आणि कुसाबाईंच्या खोलीत स्टुलावर सेट-टॉप बॉक्सचा काळा डबा ठेवून चालू केला. काम एका तासात आणि चोख झालं, त्यामुळं यादवरावांना संशय आला. त्यांनी खिशातून आपला नकाशा काढला. डब्यातून तीन बाण निघाले होते, तीन खोल्यांकडं.

खाजाभाईंनी नकाशा पाहून मान हलवली. "साहब, डब्बा एक, तो चॅनल एक. अम्मांनी इथं कीर्तन लावलं, तर तुमच्या हॉलमध्येपण कीर्तनच येणार. तीन टीव्ही पायजे तर तीन डब्बे."

"डबे विकायचेत तुम्हाला," यादवराव हसले. इन्स्पेक्टरचं हसू फार वाईट असतं. "एका टाकीतून तीन नळ निघतात की नाही?"

"नळ तीन निघतात साहब. पण पाणी तेच येतं. एका नळाला दूध, दुसऱ्याला चहा नाय येत."

यादवरावांनी त्यांना पैसे देऊन वाटेला लावलं आणि मागं वळून तृप्तीला म्हणाले, "अडाणी माणूस. आता पुढचं काम मी स्वतः करतो." तृप्तीनं ताबडतोब पिण्याचं पाणी भरून ठेवलं.

आता भिंतीला भोकं पाडायची तर ड्रिल हवं. बाजारातलं ड्रिल यादवरावांना पसंत पडणं शक्यच नव्हतं. त्यांनी कारखान्यातलं मोठं ड्रिल घरी आणायला अर्ज केला. त्यावर प्लँट हेडची सही लागते. प्लँट हेड मयूर देवरे हा यादवरावांपेक्षा चौदा वर्षांनी लहान होता आणि त्यांना आडनावानं हाक मारत असे. अर्जात कारणाच्या रकान्यात यादवरावांनी 'होम ऑटोमेशन' असं लिहिलं होतं. 'भिंतीला भोक' लिहिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

"होम ऑटोमेशन? काय करताय काय, कापडणीस?"

"काही नाही सर, छोटी सिस्टिम आहे. एक छत्री. प्रत्येक खोली स्वतंत्र. ज्याला जे हवं ते."

"अरे वा! दाखवा की एकदा. एखाद्या रविवारी मॅच बघायलाच येतो."

यादवराव फुलून गेले. ड्रिल घेऊन येताना त्यांनी रिक्षावाल्यालाही सिस्टिम समजावून सांगितली.

शनिवारी दुपारी त्यांनी काम सुरू केलं. कुसाबाईंच्या खोलीतून हॉलमध्ये जाणारी भिंत त्यांनी टेपनं मोजली, पेन्सिलनं फुली मारली, आणि फुलीचा व्यास व्हर्नियरनं तपासला. हे सगळं अचूक होतं. फक्त भिंत दुसरी होती. त्या खोलीच्या दोन भिंती अगदी सारख्या दिसतात. एकीच्या पलीकडं यादवरावांचा हॉल, दुसरीच्या पलीकडं सावळीराम तात्यांचा. ड्रिल घरघरलं, विटेचा लाल भुगा कुसाबाईंच्या पांघरुणावर पडला, आणि भिंत आरपार झाल्याचा तो सुखाचा धक्का यादवरावांच्या मनगटाला बसला. ते धावत हॉलमध्ये गेले. हॉलच्या भिंतीला भोक नव्हतं. ते परत येऊन बघतात तोच दारावर थाप पडली.

सावळीराम तात्या लासलगावच्या मार्केटातले कांद्याचे जुने आडते. अंगापिंडानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. पण आता ते अगदी हळू बोलत होते.

"यादवराव, जरा येता का? आमच्या दादांच्या मिशीतून कायतरी बाहेर आलंय."

"काय?"

"आता थांबलंय. मघाशी फिरत व्हतं."

तात्यांच्या हॉलमध्ये त्यांच्या कैलासवासी वडिलांचा हार घातलेला फोटो होता. त्या भारदस्त चेहऱ्याच्या ऐन मिशीतून कारखान्याच्या ड्रिलचं पातं वीतभर बाहेर आलं होतं. त्याच्या टोकाला हाराचा झेंडू गुंडाळला गेला होता. तात्यांच्या पत्नी, सावित्रीबाई, पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, हे यादवरावांनी पाहण्याचं टाळलं.

"मी भरून देतो, सिमेंटनं. फोटोही नवा करून देतो," ते म्हणाले.

तात्यांनी विचार केला. व्यापारी माणूस, त्याला प्रत्येक नुकसानीत काहीतरी दिसतं. "भरू नका. भोक पडलंच हाय, तर एक वायर सोडा तेवढी. आमचा केबलवाला लय तरास देतो. आन् वायर जाड घ्या. कांदा असू द्या नाय तर करंट, माल जाड पायजे."

हॉल आणि बेडरूमची भोकं नंतर योग्य भिंतींना पडली, आणि अशा रीतीनं चौथा टीव्ही जोडला गेला. आता एखाद्या इमारतीत एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात वायर गेली, तर ती गोष्ट दोन दिवस लपते. तिसऱ्या दिवशी नाठ्यांची नोटीस आली. 'सोसायटीच्या आवारात विनापरवाना केबल व्यवसाय चालवत असल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये?' यादवराव नोटीस घेऊन खाली गेले. अर्धा तास चर्चा झाली. नोटीस मागं घेण्यात आली आणि डक्टमधून एक वायर नाठ्यांच्या फ्लॅटमध्ये उतरली. पाचवा टीव्ही.

पाच ठिकाणी विभागून चित्र इतकं फिकं झालं की कीर्तनकार आणि मागचा पडदा वेगळा ओळखू येईना. मग मेन रोडवरून बूस्टर आणला. बूस्टरनं चित्र ठळक झालं, पण फ्रिज सुरू होताच सगळ्यांच्या तोंडावर आडव्या रेघा उमटू लागल्या. तात्या म्हणाले, वायर बारीक. नाठे म्हणाले, आग्नेय दिशा. यादवराव म्हणाले, सिस्टिमला सेट व्हायला वेळ लागतो.

पुढच्या रविवारी ते अखेर आपल्या हॉलमध्ये, आपल्या दिवाणावर, एकटे क्रिकेट बघायला बसले. सात षटकं त्यांनी स्वर्गात काढली. आठव्यात चेंडू उंच उडाला, सीमारेषेवरचा खेळाडू धावला, त्यानं हात पसरले, आणि त्याच्या हातात चेंडूऐवजी वीणा आली. पडद्यावर कीर्तन सुरू झालं होतं.

यादवराव मागच्या खोलीत धावले. "आई! चॅनल का बदललंस?"

कुसाबाई रिमोट मांडीवर ठेवून शांतपणे बसल्या होत्या. त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मन्ही खोली, मन्हा टीव्ही. तू तुन्हा देख ना!"

यावर त्यांना काय सांगणार? खाजाभाई बरोबर होता, हे तर सांगता येईना. डबा उचलून हॉलमध्ये न्यायचा उपाय तृप्तीनं सुचवला. त्यासाठी थोडी वायर वाढवली की पुरे होतं. पण डबा हलवणं म्हणजे तो चुकीच्या जागी होता हे कबूल करणं. यादवराव म्हणाले, "डिझाइन फायनल झालंय."

मग त्या मागच्या खोलीला जे दिवस आले, ते हॉलला कधी आले नव्हते. चॅनल बदलायची सत्ता त्या एका रिमोटमध्ये, आणि रिमोट कुसाबाईंच्या मांडीवर. भिंतीतल्या भोकाला तोंड लावून तात्या ओरडत, "मावशी, बाजारभाव लावा वाईच!" नाठे ओरडत नसत. ते खालून चिठ्ठी पाठवत: 'विषय: सात वाजताच्या बातम्या मिळणेबाबत.' कुसाबाई चौथी शिकलेल्या होत्या. त्या चिठ्ठी वाचून उशीखाली ठेवत आणि वेळेवर बातम्या लावत. सावित्रीबाई भाजी निवडायला तिथंच येऊ लागल्या, नाठ्यांच्या घरच्या आल्या, वरच्या मजल्यावरच्या ज्यांना वायर नव्हती त्याही आल्या. महिनाभर भिंतीशी बोलणाऱ्या कुसाबाईंना आता भिंत उत्तर देत होती. त्यांच्या चालण्यातही फरक पडला. तृप्ती सासूच्या खोलीत चहाची किटलीच नेऊन ठेवू लागली आणि बहुतेक वेळ स्वतःही तिथंच असे. हॉल रिकामा असे. तिथं यादवराव एकटे बसून, त्यांनी न लावलेल्या मालिका बघत.

आणि अशात मयूर देवरे म्हणाला, "कापडणीस, या रविवारी येतोय. भारताची मॅच आहे."

यादवरावांनी आईसमोर पहिल्यांदाच हात जोडले. "आई, रविवारी दोन ते सहा फक्त क्रिकेट. मी सांगेन तेव्हाच बदल. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे." नोकरीचा प्रश्न नव्हता. पण त्यांना तो तसाच वाटत होता. "बरं भाऊ," कुसाबाई म्हणाल्या.

देवरे आला. हॉलमध्ये मॅच सुरेख चालली होती. फ्रिजचा प्लग काढलेला होता. देवऱ्यानं पाहिलं, मान डोलावली आणि उठला. "आता बेडरूम दाखवा."

बेडरूममध्येही मॅचच.

"मुद्दाम ठेवली आहे सर. एकही बॉल चुकू नये म्हणून."

"ते ठीक. पण प्रत्येक खोली स्वतंत्र ना? इथं बातम्या लावून दाखवा. रिमोट कुठंय?"

यादवरावांच्या मेंदूनं बावीस वर्षांत केलं नव्हतं ते त्या क्षणी केलं. त्यानं एक वस्तू निर्माण केली. "रिमोट नाही सर. आवाजावर चालतं." आणि आईच्या खोलीकडच्या भिंतीकडं तोंड करून ते खणखणीत म्हणाले, "बातम्या!"

दोन सेकंद गेले. पडद्यावर बातम्या आल्या.

देवऱ्याचा जबडा खाली आला. "कापडणीस! जपानमध्येसुद्धा मी हे पाहिलं नाही!"

यादवरावांच्या आयुष्यातला हा सर्वांत उंच क्षण होता. तो साधारण चार सेकंद टिकला. मग भिंतीच्या पोटातून एक दणदणीत आवाज आला: "ओ मावशी! मॅच का घालवली? लावा माघारी!" पडद्यावर मॅच परतली.

"हा कोण?" देवऱ्यानं विचारलं.

"सिस्टिम... सिस्टिम कन्फर्मेशन देते, सर."

देवरे हुशार होता. तो भिंतीजवळ गेला आणि स्वतःच ओरडला, "कुस्ती!"

पलीकडून कुसाबाईंचा आवाज आला, "कोन शे रे हाई वरडणारं?"

देवरे त्या आवाजाच्या रोखानं चालत गेला आणि त्यानं मागच्या खोलीचं दार उघडलं. आत पलंगावर रिमोट घेतलेल्या कुसाबाई, खाली गवार निवडणाऱ्या चार बायका, दाराशी किटली घेतलेली तृप्ती, आणि भिंतीतल्या भोकात सावळीराम तात्यांचा एक डोळा. तो डोळा देवऱ्याकडं बघून मिचकावला गेला, कारण तात्यांना वाटलं, नवीन मेंबर आलाय.

देवरे खूप हसला. वाईट हसला असता तर यादवरावांना राग तरी आला असता. तो अगदी मनापासून, डोळे पुसत हसला, आणि त्या बायकांमध्ये फतकल मारून बसला. पाहुणा म्हणून कुसाबाईंनी त्याला उरलेली सगळी मॅच दिली आणि शेंगदाण्याचे लाडू दिले. यादवरावांना बसायला त्या खोलीत जागा नव्हती. सोमवारी ते कारखान्यात शिरले तेव्हा लेथमागून कोणीतरी भिंतीकडं तोंड करून ओरडलं, "बातम्या!" त्यानंतर रोज कोणी ना कोणी ओरडत राहिलं. यादवरावांनी त्या आठवड्यात विक्रमी माल रिजेक्ट केला.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी कुसाबाईंना जिने चढून दाखवायला सांगितलं. त्यांनी ते चढून दाखवले, आणि घरी येऊन ट्रंक भरायला घेतली. शेत बघायचं होतं, पेरणी तोंडावर आली होती. यादवराव खोलीत आले तेव्हा त्या काळा डबा जुन्या लुगड्यात गुंडाळत होत्या.

"आई, हा कुठं नेतेस?"

"मन्हाकरता आना ना तू? समदास्ले तेच सांगस."

दारात सावित्रीबाई उभ्या होत्या, नाठे उभे होते, तात्या उभे होते. यादवरावांनी एकेकाकडं पाहिलं. 'मी आईसाठी केलं' हे वाक्य त्यांनी या प्रत्येकाला निदान चार वेळा ऐकवलेलं होतं.

"हो. तुझाच आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावरून छत्री खाली आली. ती खाजाभाईंच्या डोक्यावर होती. तृप्तीनं त्यांना सकाळीच बोलावून घेतलं होतं. ते अम्मांबरोबर गावी जाऊन छत्री लावून देणार होते.

"छत्रीपण?" यादवरावांचा आवाज बारीक झाला.

"छत्रीशिवाय डब्बा काय कामाचा, साहब?" खाजाभाई अदबीनं म्हणाले. ते एवढंच बोलले, जखमेवर मीठ चोळलं नाही. समजूतदार माणूस.

तात्यांनी आपली जीप काढली. सगळी इमारत खाली आली. बायकांनी कुसाबाईंच्या ओटीत इतकं काही घातलं की त्यांना हलता येईना. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी यादवरावांना जवळ बोलावलं, त्यांच्या गालावरून खरखरीत हात फिरवला, आणि इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "तुन्हा हॉल मोकळा झाया. बस आते."

जीप वळून दिसेनाशी झाल्यावरही यादवराव फाटकाशी उभे होते. नाठे दोनदा खाकरले, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. मग ते वर आले आणि दिवाणावर बसले. टीव्ही लावला. पडद्यावर नुसती मुंग्यांची खरखर होती. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मागच्या खोलीतून काही आवाज येतोय का, म्हणून एकदा उठूनही आले. तृप्तीनं ते पाहिलं आणि मागच्या खोलीतली किटली उचलून आणली.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. 'फ्लॅट क्रमांक सहाचे सभासद श्री. यादव कापडणीस यांच्याकडून होणारी प्रसारण सेवा पूर्वसूचनेशिवाय खंडित झाल्याने सभासदांची गैरसोय झाली आहे. तरी यंत्रणेतील दोषाबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' खाली चिमाजी नाठ्यांची सही आणि शिक्का. शेजारी पेन्सिलीत तात्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'वायर बारीक.'

यादवरावांनी खुलासा लिहायला घेतला. पहिल्या दिवशी सुचलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तृप्ती म्हणाली, "लिहा ना सरळ काय झालं ते. आईंनी आपलं आपल्या घरी नेलं." त्यांनी बायकोकडं पाहिलं, पेनचं टोपण काढलं, कागदाची घडी नीट केली आणि कारखान्यात रोज ज्या अक्षरात लिहायचे त्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं:

'सदर यंत्रणेची मी स्वतः तपासणी केली असून तीत कोणताही दोष आढळला नाही.'